मोतीरावांचा विसर्ग : एक शास्त्रीय मोजमाप

ग्रंथारंभी मंगलाचरण करावे असा संकेत आहे, म्हणून प्रथम श्रीदत्तात्रेयांना वंदन. त्यांच्या पायाशी बसलेली चार कुत्री म्हणजे चार वेद, असे परंपरा मानते. आजवर पाहिलेल्या सर्व तसबिरींत हे चारही वेद धट्टेकट्टे, ताठ कानांचे आणि चकचकीत अंगाचे आहेत. त्यांतला एखादा वेद चौदा वर्षांचा झाला, त्याच्या डोळ्यांवर निळसर साय आली आणि पहाटे चार वाजता त्याने आसनाशेजारी पिवळा फेस ओकला, असे चित्र कोणत्याही चित्रकाराने काढलेले नाही. महाभारतातही तीच गत. हस्तिनापुरापासून युधिष्ठिराच्या मागे चालत स्वर्गाच्या दारापर्यंत पोचलेल्या कुत्र्याचे व्यासांनी कौतुक केले. पण एवढ्या वाटचालीत त्याला खायला काय घातले आणि ते त्याला सोसले का, याबद्दल एक अक्षर नाही. ही उणीव भरून काढावी, एवढाच या प्रबंधाचा नम्र हेतू.

१. अनुबंधचतुष्टय

विषय : मोतीराव, वय वर्षे १४, जात गावठी, रंग भाजलेल्या पोळीचा, वजन १९ किलो (गतवर्षी २१), मुक्काम कोथरूड, पुणे, आणि त्यांचे पोट. प्रयोजन : त्या पोटात काय जाते, काय टिकते आणि काय, केव्हा, कोणत्या स्वरूपात बाहेर येते याचा लेखाजोखा. अधिकारी, म्हणजे हे वाचण्यास पात्र कोण : ज्याने जुलैच्या पावसात एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पट्टा धरून 'कर रे बाबा, कर' अशी विनवणी केली आहे, तो. संबंध : प्रबंधकाराचा आणि मोतीरावांचा, कोणी कोणाला पाळले हा मुद्दा अद्याप निकाली निघालेला नाही.

प्रबंधकार पाटबंधारे खात्यातून आठ वर्षांपूर्वी निवृत्त झालेला अभियंता आहे. चौतीस वर्षे त्याने कालव्यांतून किती पाणी सुटले, किती पोचले आणि वाटेत किती मुरले, हे मोजण्यात घालवली. खात्यात 'एम. बी.', म्हणजे मोजमाप पुस्तक, ही गीता. जे एम. बी.त नाही ते काम झालेच नाही. निवृत्तीनंतर मोजण्यासारखे काही उरले नाही म्हणून मनुष्य खचतो. प्रबंधकार खचला नाही, कारण त्याच सुमारास मोतीरावांचे पोट बिघडू लागले. दोनशे पानी वही आणली, रकाने आखले आणि मुखपृष्ठावर लिहिले : एम. बी. क्रमांक १.

२. नामविचार

मोतीराव हे मूळचे मोत्या. वर्षाचे असताना जिन्यातून सर्वांना आडवे पाडत तेव्हा इमारतीत 'ए मोत्या' अशी हाक होती. सातव्या वर्षी वॉचमनने त्यांना 'मोतीशेठ' केले. दहाव्या वर्षी मुस्कट पांढरे झाल्यावर ते 'मोतीराव' झाले. आता तिसऱ्या मजल्यावरची मुले त्यांना 'आजोबा' म्हणतात आणि क्रियापदही बदलते : 'आजोबा, जपून उतरा.' वयाबरोबर एकवचनातून आदरार्थी बहुवचनात जाणारा हा मराठी भाषेतला दुर्मीळ प्राणी. प्रबंधकाराच्या बाबतीत नेमके उलटे झाले. खात्यात तो 'साहेब' होता, आता सोसायटीत 'ते कुत्र्यावाले काका' आहे.

मुख्य क्रियेला मराठीने दिलेली शब्दसंपत्तीही थक्क करणारी आहे. परसाकडे जाणे, झाडा होणे, जुलाब, ढाळ, हगवण, रेच, आणि घरोघरीचे बालसुलभ 'शी'. पण या सर्वांवर मात करणारा प्रयोग कर्ताहीन आहे : 'झाली का?' आमची कन्या बंगळूरहून रोज सकाळी सातला फोन करते आणि पहिला प्रश्न हाच विचारते. सुरुवातीच्या काळात मी कृतार्थ होऊन उत्तर दिले होते, "हो गं, सकाळीच. अगदी साफ." पलीकडून क्षणभर शांतता. मग, "बाबा, तुमची नाही. त्याची."

३. वयनिर्णय

कुत्र्याच्या वयाला सातने गुणावे हा लोकाचार आहे. त्यानुसार मोतीराव ९८ वर्षांचे होतात, पण ९८ वर्षांचा कोणताही गृहस्थ मांजर दिसताच बाल्कनीच्या जाळीवर झेपावत नाही. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली १०४ लॅब्राडोर कुत्र्यांच्या डीएनएवर वयानुसार पडणाऱ्या रासायनिक खुणा माणसांच्या खुणांशी ताडून पाहिल्या आणि सूत्र मांडले : कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, त्याला १६ने गुणा, ३१ मिळवा. लॉग टेबल पस्तीस वर्षांनी बाहेर काढण्याचा आनंद प्रबंधकारास झाला. मोतीराव ७३ निघाले. सूत्र लॅब्राडोरचे आणि पोट गावठी, हे मान्य. तरी अंदाजपत्रकास चालेल.

या सूत्राचा खरा बोध आरंभी आहे. एक वर्षाचा कुत्रा त्यानुसार ३१ वर्षांचा ठरतो. म्हणजे माझी कोल्हापुरी चप्पल फाडली तेव्हा मोत्या अजाण बालक नव्हता, एकतिशीचा घोडा होता. जुनी प्रकरणे उघडण्याचा इरादा नाही. नोंद असावी एवढेच. ओडिसियसची वीस वर्षे वाट पाहत उकिरड्यावर पडून राहिलेला होमरचा अर्गोस या हिशेबाने निदान ७९ वर्षांचा भरतो. त्याच्याही पचनाविषयी होमर गप्प आहे, फक्त जागेची निवड सूचक वाटते.

४. अन्नविचार

कुत्रा हा मांसाहारी, त्याला पोळी कशी पचेल, असा आक्षेप विद्वान घेतात. त्यांना उत्तर २०१३ साली 'नेचर' नियतकालिकात मिळाले. पिष्टमय अन्न पचवणाऱ्या स्वादुपिंडातील अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्याकडे दोन प्रती असतात, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत आढळतात. म्हणजे माणूस शेती करू लागला, उरलेसुरले फेकू लागला आणि ते खाता खाता कुत्र्याचे पोट बदलले. भाकरीच्या तुकड्यासाठी ज्याने जनुके बदलली त्याला भाकरी नाकारणारे आपण कोण?

भाकरी मान्य, तिच्यावर काय घालावे हा वाद आहे. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण लहानपणीच ऐकतो आणि करुणेचे ते शिखर मनोमन वंदनीय मानतो. तथापि संतांची क्षमा मागून नोंदवावे लागते की आमच्या प्राणीवैद्यांनी ही कथा ऐकून फक्त एवढेच विचारले, "कुत्रा म्हातारा होता का?" वय वाढले की स्निग्ध पदार्थ झेपत नाहीत, स्वादुपिंड चिडते. 'कुत्ते को घी हज़म नहीं होता' ही म्हण हिंदीत आहे. अनुभव आम्हांला मराठीत आला. तो सातव्या प्रकरणात येईल.

वर्ज्य पदार्थांची यादी मराठी स्वयंपाकघराला फार जाचक आहे. कांदा आणि लसूण रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. म्हणजे आमटी, रस्सा, भाजी, चटणी, सगळे बाद. द्राक्षे आणि मनुके मूत्रपिंडाला घातक, म्हणजे शिरा बाद. चॉकलेट बाद. साखरविरहित च्युइंगममधला झायलिटॉल तर साक्षात विष. उरतो तो बिनमिठाचा भात, उकडलेली कोंबडी आणि उकडलेला लाल भोपळा. आमच्या घरात चातुर्मास एकटे मोतीराव पाळतात, तोही बाराही महिने.

५. प्रतवारी

मानवी मलाची शास्त्रीय प्रतवारी ब्रिटनमधील ब्रिस्टल येथे झाली आणि १९९७ साली प्रसिद्ध झाली. तीत सात प्रकार आहेत. कुत्र्यांसाठीही पुरिना कंपनीचा सात पायऱ्यांचा तक्ता आहे. पायरी एक म्हणजे सुक्या, कडक गोळ्या; पायरी सात म्हणजे निव्वळ पाणी. आदर्श पायरी दोन : घट्ट पण कडक नाही, आणि उचलल्यावर जमिनीवर फारसा मागमूस ठेवत नाही.

हा तक्ता मराठीत आणताना प्रबंधकाराने पहिल्या मसुद्यात घरगुती उपमा वापरल्या : शेंगदाणे, लाडू, शिरा, पिठले, कढी. सौभाग्यवतींनी मसुदा वाचून त्या रात्री स्वयंपाक केला नाही. दुसरा मसुदा खात्याच्या परिभाषेत झाला : १. खडी. २. धरणाच्या गाभ्याची माती. ३. ओली माती. ४. चिखलणी. ५. गाळ. ६. रेंदा. ७. विसर्ग. मातीच्या धरणाच्या गाभ्यात घालायची माती फार कोरडी चालत नाही, फार ओलीही चालत नाही. नेमकी ओल असली तरच ती दबते आणि पाणी अडवते. मोतीरावांनी दुसरी प्रत दिली की गाभा बसला म्हणून प्रबंधकाराचा दिवस चांगला जातो. सातवी प्रत दिली की खडकवासल्याचे दरवाजे उघडल्याप्रमाणे घरात हलवाहलव होते आणि सखल भागातील गालिचे हलवले जातात.

स्वीडनच्या ॲटरबर्ग यांनी १९११ साली माती घन, लवचिक आणि द्रव या अवस्थांतून केव्हा जाते याच्या सीमा ठरवल्या. लवचिकतेची सीमा काढताना मातीचा तळहाताने दोरा वळतात आणि तो तीन मिलिमीटर जाडीचा होताना तुटू लागला की सीमा आली असे मानतात. ही चाचणी मोतीरावांच्या संदर्भात केलेली नाही. विज्ञानासाठी माणसाने किती झिजावे यालाही सीमा आहे.

मात्र एका मोजमापाने डॉक्टरही खूश झाले. जावक मोजतो तशी आवक मोजावी म्हणून प्रबंधकाराने पाण्याच्या भांड्यावर खुणा केल्या. दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलिलिटरच्या वर पाणी जाऊ लागले तर ते जास्त समजतात. मोतीरावांसाठी हा धोक्याचा आकडा १.९ लिटर. तिथपर्यंत पातळी गेली तर मूत्रपिंड, मधुमेह वगैरेंची चौकशी करावी लागते. आमची पातळी सध्या सव्वा लिटर आहे. नदीकाठच्या गावांना इशारा देण्याची गरज नाही.

'उलटी' या रकान्यातही भेद करावा लागला. पोट आवळून, आवाज करून, जोर लावून येते ती उलटी. आणि काही कष्ट न करता गिळलेले जसेच्या तसे बाहेर पडते ते निराळे, तिथे दोष अन्ननलिकेकडे शोधतात. डॉक्टरांपुढे दोन्हींना 'ओकला' म्हटले की त्यांची दिशाभूल होते. पहाटेच्या पिवळ्या फेसाचा उलगडाही वहीनेच केला. तो नेहमी चार ते पाचच्या दरम्यान आणि रात्री आठला जेवल्यावर. रिकाम्या जठरात पित्त चढत होते. रात्री साडेदहाला दोन घास भात सुरू केला आणि पिवळा रकाना रिकामा राहू लागला. कोरड्या पडलेल्या तळ्यात थोडे पाणी सोडावे, एवढेच ते काम.

६. वायुविचार

हे प्रकरण संक्षेपाने. २००१ साली संशोधकांनी कुत्र्यांच्या अंगावर एक जाकीट चढवले, त्यात गंधकयुक्त वायू मोजणारा पंप बसवला आणि प्रत्येक प्रसंगाच्या दुर्गंधीला गुण देण्यासाठी एका माणसाची नेमणूक केली. कोळसा, युका नावाची वनस्पती आणि जस्ताचे क्षार एकत्र दिल्यास वास कमी होतो, असे निघाले. त्या परीक्षकाच्या नेमणुकीच्या अटी प्रबंधकारास कळलेल्या नाहीत. आमच्याकडे हे पद मानद असून सोफ्यावर शेजारी बसणाऱ्याकडे आपोआप जाते. दोष कोणाचा, हा प्रश्न घरात काही वेळा उपस्थित होतो आणि बहुमताने मोतीरावांवर ढकलला जातो. वहीत त्यांतले काही प्रसंग प्रबंधकाराने स्वतःच्या नावे प्रामाणिकपणे दुरुस्त केले आहेत.

७. मोदकप्रकरण

आता मुख्य घटना. गणेश चतुर्थी, घरात चौदा माणसे. मोतीरावांनी सकाळी दूर्वांच्या जुडीतल्या थोड्या दूर्वा खाल्ल्या तेव्हा एका पाहुण्याने "पोट बिघडलंय त्याचं, म्हणून गवत खातोय" असे निदान केले. हा समज सार्वत्रिक आहे. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील एका पाहणीत असे निघाले की गवत खाणारे बहुतेक कुत्रे आधी आजारी नसतात आणि खाल्ल्यावर ओकणारेही जेमतेम पाव भरतात. हराळी कुत्र्याला आवडते, गणपतीला वाहतात, दोन्हींत रोगाचा संबंध नाही.

संध्याकाळी आरतीच्या वेळी मोतीराव मखरासमोर आले, पुढचे दोन्ही पाय जमिनीला टेकवले, छाती खाली नेली, मागचा भाग वर उचलला आणि तसेच स्तब्ध राहिले. घरात एकदम भक्तीची लाट आली. आत्याबाईंनी डोळे टिपले. "मुकं जनावर, पण बघा कसा नमस्कार घालतंय!" तिघांनी व्हिडिओ काढला. तो बंगळूरला पोचला आणि दोन मिनिटांत कन्येचा फोन आला. "बाबा, नमस्कार नाहीये तो. पोट दुखतंय त्याचं. आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

कन्या बरोबर होती. प्राणीवैद्यकात या ठेवणीला प्रार्थनेची मुद्रा असेच म्हणतात आणि ते पोटदुखीचे ठळक लक्षण आहे. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न : "सारणात मनुके होते?" नव्हते. मोदकाच्या सारणात मनुके न घालणे ही सौभाग्यवतींच्या माहेरची पद्धत. त्या माहेराचे उपकार मी इतक्या वर्षांत प्रथमच लेखी मान्य करत आहे. रक्ततपासणी झाली, सोनोग्राफी झाली, निदान ठरले : स्वादुपिंडाला सूज. तीन दिवस सलाइन, उलटी थांबवायचे इंजेक्शन, वेदनेवर औषध.

घरी चौकशी समिती बसली. प्रबंधकार अध्यक्ष. साक्षींतून असे निष्पन्न झाले की आत्याबाईंनी एक मोदक दिला, 'एकच हं' म्हणून. नातवाने एक. समोरच्या काकूंनी एक. वॉचमनला दिलेल्या पानातला एक. प्रत्येकाला वाटले, एकाने काय होते? मोतीरावांनी कोणालाही दुसऱ्याचा सुगावा लागू दिला नाही. पाचवा मोदक, तोही तुपाची धार सोडून, कोणी दिला हे अहवालात नमूद आहे. अध्यक्षांनी त्या पानावर स्वाक्षरी केली आहे आणि अधिक काही लिहिलेले नाही.

८. पूर्वपक्ष आणि सिद्धांत

मोतीराव घरी आल्यावर कोथरूडमधील सर्व चिकित्सापंथ आमच्या दिवाणखान्यात प्रकट झाले.

उपासवादी म्हणाले, दोन दिवस काही देऊ नका, लंघन हेच परम औषध. खंडन : पूर्वी डॉक्टरही असे सांगत, आता उलटी आटोक्यात आली की लवकर, थोडे थोडे, कमी स्निग्ध अन्न सुरू करतात. आणि दोन किलो आधीच गमावलेल्या म्हाताऱ्याला उपाशी ठेवणे म्हणजे तळाच्या पाणीसाठ्यावर कालवा चालवणे.

ताकवादी म्हणाले, जिरे घालून ताक. खंडन : दुधातली साखर बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना नीट पचत नाही. चमचाभर सोसते, वाटीभर सोसत नाही, आणि मराठी घरात ताक चमच्याने दिल्याचा पुरावा नाही.

गोळीवादी सर्वांत घातक. "अहो, माझ्या गुडघ्याची अर्धी गोळी द्या, शांत झोपेल." खंडन : आपल्या आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या जठराला व्रण पाडतात आणि मूत्रपिंडे निकामी करू शकतात. येथे प्रबंधकार विनोद बाजूला ठेवतो. माणसाच्या डब्यातली गोळी कुत्र्याला देऊ नये, अर्धीही नाही, पावही नाही.

भोपळावादी हा पंथ आम्ही स्वतः स्थापन केला. लाल भोपळा उकडून, कुस्करून, मीठ-फोडणीविना भातात दोन चमचे. त्यातला तंतू खडीला ओल देतो आणि गाळाला बांधतो. बद्धकोष्ठावर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात इसबगोल भरपूर पाण्याबरोबर देतो. डबा माझाच आहे, चमचा मात्र वेगळा आहे, हे सौभाग्यवतींच्या आग्रहावरून स्पष्ट करतो. जेवण दोनाऐवजी चार वेळा, थोडे थोडे. नवे खाणे आणायचे तर आठ-दहा दिवसांत हळूहळू मिसळत.

काही बाबी मात्र प्रबंधाच्या कक्षेबाहेरच्या आहेत. त्यांत वही मिटून थेट रिक्षा पकडावी. डांबरासारखी काळी किंवा रक्त असलेली शी. पोट नगाऱ्यासारखे फुगून नुसत्याच कोरड्या ओकाऱ्या. हे तर तासांचे काम आहे, जठराला पीळ बसलेला असू शकतो. थांबत नसलेल्या उलट्या. हिरड्या पांढुरक्या किंवा कोरड्या. पाण्याकडेही पाठ. अशा वेळी पंथ, ताक आणि शेजारी यांना घरीच ठेवावे.

९. दिशाविचार

२०१३ साली चेक आणि जर्मन संशोधकांनी दोन वर्षे ७० कुत्र्यांचे निरीक्षण करून, मलविसर्जनाच्या १,८९३ नोंदींच्या आधारे दाखवले की पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र शांत असताना कुत्रे शरीर उत्तर-दक्षिण ठेवून बसणे पसंत करतात. पुढच्या वर्षी या कामाला इग नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळाले. आमच्या दृष्टीने याला स्थानिक महत्त्व होते. कारण पहिल्या मजल्यावरच्या वास्तुअभ्यासकांनी सोसायटीच्या सभेत लेखी हरकत घेतली होती की मोतीराव ईशान्य कोपरा वापरतात. मी पिशवीने सर्व उचलतो हे खरे, पण 'ऊर्जा उरते', असे त्यांचे म्हणणे.

प्रयोग पडताळून पाहणे आले. तीस सकाळी मोबाइलचे होकायंत्र घेऊन उभा राहिलो. उत्तर-दक्षिण ११, पूर्व-पश्चिम ९, तिरके ७, आणि तीन दिवस धो धो पावसात मोबाइल खिशातच राहिला. एवढ्याशा नोंदींवरून पृथ्वीविषयी काही बोलणे धार्ष्ट्य ठरेल. पण वहीत मी सहज एक जादा रकाना ओढला होता : 'नजर कोणाकडे'. तीसपैकी सव्वीस वेळा उत्तर होते, माझ्याकडे. डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, त्या बैठकीत कुत्रा पळू शकत नाही, लढू शकत नाही; तेवढा वेळ पहारा आपल्या माणसाने करावा, असा हिशेब असावा.

यानंतर डॉक्टरांनी दुसरी 'दिशा' सांगितली. म्हाताऱ्या कुत्र्यांचा मेंदू मंदावतो त्याची पाच लक्षणे प्राणीवैद्य इंग्रजी आद्याक्षरांनी लक्षात ठेवतात आणि ती अक्षरे जोडून चक्क 'दिशा' असा शब्द होतो : दिशाभ्रम, माणसांशी बदललेले वागणे, झोपेची उलटापालट, घरात घाण आणि हालचालीत बदल. ही जुळणी ज्यांनी केली त्यांना मराठी येत नसावे, तरी याहून नेमका शब्द मराठीलाही सुचला नसता. २००१ सालच्या एका अभ्यासात ११ ते १२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५ ते १६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत यांपैकी निदान एका गटातले लक्षण आढळले.

मोतीराव हल्ली दार उघडायची वाट बिजागरीच्या बाजूला उभे राहून पाहतात. जेवण झाल्यावर दहा मिनिटांनी जेवणाच्या भांड्याजवळ येऊन तक्रारीच्या चेहऱ्याने बसतात. रात्री तीनला फरशीवर त्यांच्या नखांचे टक टक ऐकू येते. मी त्या वेळी वयोमानानुसार उठलेलोच असतो. आम्ही दोघे स्वयंपाकघरात भेटतो, मी दिवा लावतो, आणि इथे कशासाठी आलो होतो हे दोघेही थोडा वेळ आठवत उभे राहतो.

१०. निष्कर्ष

खात्यात खर्चाची दोन खाती असत : 'नवीन काम' आणि 'देखभाल व दुरुस्ती'. पहिल्याची कोनशिला बसते, फीत कापली जाते, पेढे वाटतात. दुसऱ्याला कोणी फोटोलाही उभे राहत नाही. मी तरुण असताना एका जुन्या कालव्याच्या गळतीवर मोठे दुरुस्तीचे अंदाजपत्रक केले होते. तिथला म्हातारा पाटकरी ते पाहून म्हणाला, "साहेब, याला एवढं काही नको. रोज कुणीतरी काठानं चालत जावं लागतं बघा." मी तेव्हा त्याला हसलो होतो.

मोतीरावांच्या पोटाची दुरुस्ती होणार नाही. स्वादुपिंड नवे बसणार नाही, डोळ्यांवरची साय उतरणार नाही, हरवलेली दिशा पूर्ण सापडणार नाही. काठाने चालणे मात्र करता येते. घसरणाऱ्या फरशीवर जुन्या योगा मॅट अंथरल्या आहेत. रात्री मोरीजवळ छोटा दिवा लागतो. सहा, अकरा, चार आणि साडेदहा या जेवणाच्या वेळा हलत नाहीत, कारण डोक्यातले घड्याळ थांबले की पोटाचे घड्याळ तेवढे चालू राहते आणि म्हातारा जीव त्यावर दिवस लावतो. चौदा वर्षांत दहा हजारांहून अधिक वेळा मी या प्राण्याला बाहेर नेले असेन; त्याच्याकडे नीट पाहिले ते एम. बी. आणल्यापासून.

कन्येने गेल्या महिन्यात वहीची पाने मोबाइलवर वाचली. दुसऱ्या दिवशी सातला फोन आला. मी सवयीने सांगितले, "झाली. प्रत दोन." ती म्हणाली, "हो, कळलं. आता तुमचं सांगा." मी त्यासाठी रकाना आखलेला नव्हता. आता आखला आहे.

११. फलश्रुती

जो हा प्रबंध श्रद्धेने वाचील त्याचा गालिचा कोरडा राहील. जो वही ठेवील त्याला डॉक्टरांसमोर 'तसा बरा असतो हो' एवढे एकच वाक्य बोलून गप्प बसावे लागणार नाही. ज्याच्या शेजारी म्हातारा कुत्रा आहे त्याने सणासुदीला दारात येऊन 'एकच हं' म्हणू नये. एकाने काय होते ते आम्ही पाच मोदकांत पाहिले आहे.

आजची नोंद : सकाळी ६.१०, प्रत २, पाणी सव्वा लिटर, आभाळ ढगाळ, नजर प्रबंधकाराकडे. काम समाधानकारक.